ताटलीतली नथ

सेवेतल्या कितीतरी केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. पण निवृत्तीनंतर नेदरलँड्समधल्या डीमनमध्ये, मुलीच्या घरी मी केलेला एक तपास मात्र जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे. त्याचा ना कुठे गुन्हा दाखल झाला, ना स्टेशन डायरीत नोंद.

तेहतीस वर्षं पोलीस खात्यात काढून मी निरीक्षक म्हणून बाहेर पडलो. बायको गेल्यापासून दरवर्षी तीन महिने मुलीकडे राहतो. ती लायडनला संशोधनाची नोकरी करते. जावई त्या आठवड्यात बाहेरगावी होता.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. मुलीने तांदळाच्या राशीवर कलश ठेवून देवी मांडली. नारळाला मुखवटा, त्यावर हार, मंगळसूत्र आणि तिच्या आईची मोत्यांची नथ. पाच झाडांची पानं शोधत मी समोरच्या बागेत गारठलो होतो. निम्मी पानं कसली होती ते देवीलाच ठाऊक.

शुक्रवारी सकाळी तिची लवकरची गाडी होती. जाताना म्हणाली, "बाबा, उत्तरपूजा तुम्ही करा. आईची नथ आधी काढून ठेवा हं." मी दागिने ताटलीत काढले, उत्तरपूजा केली, सगळं आवरलं आणि फिरायला गेलो. दहा ते बारा घरात फक्त सफाईला येणारी बाई होती. संध्याकाळी मुलीने ताटली पाहिली. हार होता, मंगळसूत्र होतं, नथ नव्हती.

ही सफाईची बाई मूळची दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामची. तिचे पूर्वज भारतातून गेलेले, त्यामुळे तिला जुन्या वळणाची हिंदी येत होती. आमच्या ओळखीतल्या चार मराठी घरांत ती काम करायची आणि चारही घरांच्या किल्ल्या तिच्याकडे असायच्या.

मुलगी रडत असतानाच वरच्या मजल्यावरच्या पुण्याच्या बाईंचा फोन आला, तो मी घेतला. मुलीने त्यांना नथेबद्दल आधीच विचारलं होतं.

"काका, मी वर्क फ्रॉम होम होते ना, लिफ्टपाशी बघितलं तिला. पर्समध्ये घाईघाईत काहीतरी कोंबत होती. मला बघून एकदम दचकली! मला ती आधीपासूनच वेगळी वाटायची."

"वेगळी म्हणजे?"

"म्हणजे... तुम्हाला कळतंच ना, काका. उद्या बाराला मी आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार. बाकीच्यांना सावध करायला नको?"

'आधीपासूनच' म्हणणारा खबरी आधी ठरवतो आणि मग बघतो, हे मी शिपायांना शेकडो वेळा सांगितलं असेल. पण त्या संध्याकाळी मला ते आठवलं नाही. खरं सांगायचं तर मी खूश झालो होतो. दोन महिने नुसती भाजी चिरत बसलेल्या माणसाला अचानक काम मिळालं होतं.

"बाबा, तिला चोर म्हणू नका, प्लीज," मुलगी म्हणाली. "तिचं पूर्ण घर याच कामावर चालतं."

"मी नुसते दोन प्रश्न विचारतो," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी साडेअकराला सफाईची बाई बोलावल्याप्रमाणे आली. मी तिला खिडकीसमोर बसवलं, उजेड तिच्या तोंडावर येईल असं. स्वतः पाठीमागून उजेड घेऊन बसलो. ही सवय पेन्शनबरोबर जात नाही. आधी मुलाबाळांची चौकशी केली, मग कामाच्या वेळा, आणि मग एकदम विचारलं, "काल पर्समध्ये काय ठेवलंस?"

तिची मान खाली गेली. बोटं पर्सच्या बंदावर घट्ट झाली. माझ्या लेखी केस तिथेच संपली. गप्प बसलो, कारण अशा वेळी गप्प बसलं की समोरचा फुटतो. घड्याळात पावणेबारा झाले. मुलगी दाराशी उभी होती, तिला ते बघवत नव्हतं.

शेवटी बाईने पर्स उघडली आणि रुमालाची गाठ सोडली. आत कोमेजलेलं शेवंतीचं फूल होतं.

"देवीचं आहे, बाबूजी. निर्माल्यात होतं. न विचारता घेतलं, चुकलं माझं." मग तिने मान वर केली. डोळे भरलेले होते, पण आवाज पक्का होता. "मी काय उचललं ते सांगितलं. आता तुम्ही सांगा, तुम्ही काय काय उचललंत?"

मला राग आला. आयुष्यात कुणी संशयिताने मला असं विचारलं नव्हतं. तिला गप्प करायचं म्हणून मी जबाब द्यावा तसं सांगू लागलो. "अंघोळ केली. देवीसमोर बसलो. दागिने ताटलीत काढले. अक्षता वाहून कलश हलवला. नारळ उचलला. मग खालचे तांदूळ गोळा करून..."

मी स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्याकडे बघितलं.

पूजेचे तांदूळ घरच्या डब्यात मिसळायचे, म्हणजे बरकत राहते, ही बायकोची पद्धत. मी ते ओंजळीने डब्यात ओतले होते. आणि नथ? हार काढल्याचं मला आठवत होतं, मंगळसूत्र काढल्याचं आठवत होतं. नथ काढल्याचं आठवत नव्हतं. ती मी काढलीच असणार, असं धरून चाललो होतो. सगळा तपास या एका न तपासलेल्या वाक्यावर उभा होता, आणि ते वाक्य माझं होतं.

मुलीने डबा परातीत पालथा केला. तांदळात मोती चमकले. नारळ उचलताना नथ मुखवट्यावरून निसटली होती.

मी हात जोडून माफी मागितली. लाज वाटली, अजून वाटते. बाईने फूल रुमालात बांधलं, आमची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेली.

वरच्या बाईंनी बारापर्यंत दम धरला नव्हता. मेसेज कधीच पडला होता. मी त्याच ग्रुपवर लिहिलं, 'नथ माझ्याच चुकीने तांदळात गेली होती. बाई निर्दोष आहे.' उरलेल्या तीन घरांपैकी दोघांनी तिला परत बोलावलं. तिसऱ्यांचं म्हणणं, "काका, एकदा मनात आलं की आलं."

त्यांना दोष देण्याचं तोंड मला नाही. ती काहीतरी लपवते आहे, हे मी अचूक ओळखलं होतं. काय लपवते आहे, ते मी माझ्या मनाने भरलं होतं. बाकी सगळ्यांचा वावर तपासला, फक्त स्वतःचा नाही.

मार्गशीर्ष आला की मुलगी नथ काढते आणि मला आठवत राहतं. तेहतीस वर्षांत माझ्यासमोर मान खाली घालून बसलेल्यांपैकी कितीजणांच्या रुमालात नुसतं फूल होतं? मी त्यांना रुमाल उघडायलाही सांगितलं नव्हतं.