तेल लावलेल्या वेण्या आणि कोरा तक्ता

माझी धाकटी जाऊ प्रमोदिनी लग्न होऊन गास गावात, आमच्या वाडीवर आली तेव्हा तिला केळीचा घड कसा उतरवतात तेही ठाऊक नव्हतं. विरारच्या फ्लॅटात वाढलेली, बाप सरकारी नोकर. वर्षभरात ती मोगऱ्याच्या कळ्या माझ्यापेक्षा भरभर खुडायला लागली. मला ते आवडलं नव्हतं, खरं सांगते.

तिची लेक अक्षदा, आठ वर्षांची, तिसरीत. एक वाक्य पुरं करेपर्यंत वाडीला दोन फेऱ्या मारून येणार. पंप चालू करायला सांगा, वाटेत मुंगळ्यांची रांग दिसली की पंप राहिला आणि पोर तासभर तिथेच उकिडवी. शाळेत तर रोजची तक्रार. वही अर्धी, लक्ष खिडकीबाहेर, मधूनच टक लावून बसते, हाक ऐकत नाही. मीही म्हणाले होते, "दोन धपाटे घाल, ताळ्यावर येईल."

"ताई, ज्याला चष्मा लागलाय त्याला धपाटे घातले तर फळा दिसेल का?" एवढंच बोलून ती कळ्या खुडत राहिली.

फेब्रुवारीत मुख्याध्यापिकांनी फर्मान काढलं. मेंदूची तपासणी करून महिनाअखेरीपर्यंत रिपोर्ट आणा, नाहीतर पोरीचा दाखला घेऊन जा.

विरारच्या डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतलं. म्हणाले, "एडीएचडी दिसतोय. हिच्याकडे लक्ष नाही असं नाही. ते कुठं लावायचं आणि कुठून काढायचं, यावर मेंदूचा ताबा कमी पडतो." टक लावते म्हणून फिट तर येत नाहीत ना, हे बघायला डोक्याला वायरी लावून ईईजी काढायची चिठ्ठी दिली. वर शाळेसाठी पोरीच्या वागण्याबद्दलच्या प्रश्नांचा एक तक्ता दिला, वर्गातल्या बाईंनी भरायचा. प्रमोदिनीने तो दुसऱ्याच दिवशी शाळेत नेऊन दिला.

तपासणीच्या सकाळी अक्षदाची वेणीफणी मी केली. आमच्यात पोर डॉक्टरकडे जावो की पाहुण्यांकडे, भुऱ्या केसांनी उंबरठा ओलांडत नाही. चांगलं थबथबून खोबरेल, दोन घट्ट वेण्या, वर मोगऱ्याचा गजरा. तपासणीच्या खोलीतल्या मुलीने केसांना हात लावला आणि कपाळावर मारला.

"काकी, धुवून, कोरडे केस आणा असं चिठ्ठीत लिहिलंय. तेलावर वायरी चिकटत नाहीत."

चिठ्ठी फ्रिजवर आठ दिवस लावलेली होती. मी वाचली नव्हती. पुढची तारीख दहा दिवसांनी, म्हणजे महिना उलटून. प्रमोदिनीने नवी तारीख चिठ्ठीवर लिहून घेतली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या वेळी तिने स्वतः शिकेकाईने दोनदा केस धुतले. वायरी लावून अक्षदा माझं बोट धरून पडून राहिली. विचारते, "यात माझे विचार दिसतात?" वायरी लावणारी मुलगी म्हणाली, "विचार नाही गं, नुसत्या लाटा." फिट वगैरे काही नव्हत्या. रिपोर्ट नॉर्मल आला.

तो घेऊन आम्ही दोघी शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांनी शेवटची ओळ वाचली.

"नॉर्मल! म्हणजे आजारबिजार काही नाही, नुसता व्रात्यपणा. आणि तारीखही उलटून गेली." त्यांनी दाखल्याचा अर्ज पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. माझ्या तेलापायी पोरीची शाळा चालली होती.

प्रमोदिनीने पेन उचललं. मला वाटलं, सही करते.

"मॅडम, हा रिपोर्ट एवढंच सांगतो की हिला फिट येत नाहीत. लक्षाचं या लाटांत कळत नाही, ते वर्गात बघून कळतं. त्यासाठीच तक्ता दिला होता. तुमच्या कपाटात आहे."

शिपायाने शोधून आणला. चार पानं, एकाही चौकोनात खूण नाही. अठरा-वीस दिवस आमच्या पोरीला नावं ठेवायला यांना वेळ होता.

"ठेवून जा. भरून पाठवतो," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"नको. माझी मुलगी एका जागी बसत नाही, हीच तक्रार ना? मी बसते." तिने तक्ता त्यांच्याकडे फिरवला, त्यावर पेन ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. मीही शेजारची ओढली. केळीला पाणी सोडायचं होतं, म्हटलं, सुकू देत.

पाऊण तासाने मुख्याध्यापिकांनी अर्ज स्वतःच खणात टाकला आणि वर्गातल्या बाईंना बोलावलं. तरुण पोरगी. एकेक प्रश्न मोठ्याने वाचून खूण करायला लागली. वस्तू हरवते का. सांगितलेलं अर्धवट सोडते का. ऐकत असूनही ऐकत नाही असं वाटतं का. सहाव्या प्रश्नाला तिचा हात थांबला.

"म्हणजे… ही मुद्दाम नाही करत?"

प्रमोदिनीचे डोळे भरले होते, पण आवाज नाही हलला.

"पुढचा प्रश्न वाचा, बाई."