मावशीच्या पडद्यावरचा लहान एस

भाच्याने एक इंग्रजी अक्षर मोठं केलं, आणि दुसऱ्या दिवशी छापखान्यात सोळा पानांचा अख्खा फर्मा चुकांसकट पाचशे वेळा छापून निघाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्याच्या गावीही नव्हतं.

फर्मा तपासला होता त्याच्या मावशीने. ती या छापखान्याची मुद्रितशोधक. अठ्ठावीस वर्षं चष्मा नाकावर आणि पेन्सिल कानावर. खोकल्याच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा ती आधी दुरुस्त करते, मग औषध घेते. मशीनवाले काका छापलेली पानं घेऊन आले, तर तिने सकाळी काढलेल्या अकराच्या अकरा चुका जागच्या जागी.

"डोळे गेले माझे," मावशी म्हणाली. "उद्यापासून येत नाही मी."

"तुमचे डोळे गेले, तर आम्ही आंधळेच म्हणायचे, बाई," काका पुटपुटले.

भाचा मावशीच्या संगणकाकडे वळला. प्रूफं तपासायचा प्रोग्रॅम त्यानेच लिहिलेला. पान सेव्ह केलं की खाली 'सेव्ह्ड' अशी सूचना यायची; तिचा एस कधी कॅपिटल, कधी स्मॉल. हा गबाळेपणा नको, म्हणून कालच त्याने सगळीकडे कॅपिटल करून टाकला होता. पण मुळात कधी हा नि कधी तो, असं का? आता त्याला चैन पडेना. त्याने कालच्या बदलाआधीचा जुना प्रोग्रॅम उघडला, नेटवर्कची सैल पडलेली वायर काढली आणि सेव्ह केलं. स्मॉल. वायर लावली. कॅपिटल. म्हणजे पान छपाईच्या संगणकापर्यंत पोचलं तर कॅपिटल, मावशीच्याच टेबलावर अडकलं तर स्मॉल. दोन सूचना त्याने दोन वेगळ्या दिवशी लिहिल्या होत्या, त्यातली एक घाईत. बाकी काही गुपित नव्हतं.

"मावशी, स्मॉल एस आला की तू काय करायचीस?"

"थांबायचे. पुन्हा सेव्ह करायचे. कॅपिटल आला की उठायचे."

"हे तुला सांगितलं कोणी?"

"सांगायला कशाला हवं? तिसऱ्या दिवशी कळलं. मला वाटलं, तू मुद्दाम तशी सोय केलीयस. चारचौघांत कौतुक केलं रे तुझं."

भाचा कानशिलांपर्यंत लाल झाला. "कौतुक परत घे. कालच मी सगळे एस कॅपिटल केले. आज सकाळी वायर सैल होती, तुझ्या दुरुस्त्या पुढे गेल्याच नाहीत. तुझे डोळे ठणठणीत आहेत."

चूक सापडल्यावर पानाकडे बघावं, तशी मावशी त्याच्याकडे बघत राहिली.

"मग उद्या येशील ना?" त्याने विचारलं.

"आधी तो एस लहान कर."