घाटातला नवरदेव

ताडकळसला भांड्यांचं दुकान चालवणारे हे गृहस्थ स्टीलचा डबा दाखवतानाही गोष्ट सांगतात, आणि ती ऐन रंगात आली की थांबून डबा बांधायला घेतात. गिऱ्हाईक हलतच नाही. आम्हा दोघांचं सायकलवर कोकणात जाऊन परत यायचं ठरलं, तेव्हा आमच्या सपाट मुलखातल्या या पोट सुटलेल्या माणसाला मी मनातल्या मनात घाटाआधीच टेम्पोत बसवून टाकलं होतं.

टेम्पोला हात केला तो मी. परतीच्या पहिल्याच घाटात, निम्म्या चढावर, माझ्या मांड्यांनी संप पुकारला. ते केव्हाच माथ्यावर पोचले होते. टेम्पो थांबतोय तोच वरून घंटी वाजवत ते खाली आले.

"का हो, काय झालं?"

"वर बोलायला कोणी न्हाई, सर." त्यांनी सायकल वळवली. "एकदा चुडाव्याच्या स्टेशनात अख्खं वऱ्हाड गाडीत चढलं आन् नवरदेव राहिला खालीच."

"मग?"

"चला की. जाता जाता सांगतो."

टेम्पो रिकामाच गेला. दर वळणावर नवरदेव नव्या पेचात सापडत होता आणि मी धापा टाकत 'मग?' म्हणत होतो. तोच चढ दुसऱ्यांदा चढणाऱ्या त्या माणसाचा आवाज मात्र दुकानातल्यासारखा निवांत होता.

माथ्यावरून पाहिलं, तर चढून आलेला रस्ता खाली सुतळीएवढा दिसत होता. मी मात्र आधी विचारलं, "लग्न लागलं का?"

त्यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

"अजून दोन घाट हायेत, सर."