लग्नाच्या कॅसेटीत शिरलेलं भूत

हसायचं नाही अशी शपथ घ्या, मग सांगतो. तशी तुम्ही ती पाळणार नाहीच म्हणा. आमच्या हिनंही घेतली होती, अन् मी तोंड उघडायच्या आधीच पदर तोंडाशी! पण बापा, त्या दोन दिवसांत माझ्यावर जे गुदरलं, ते माझं मला माहीत.

माझं बेल्लमपल्लीला दुकान. खाणकामगारांच्या क्वार्टरांसमोर बांगड्या, टिकल्या, आरसे विकायचो. तिथं पाळी बदलली की खाणीचा भोंगा वाजतो. आमची ही लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून कानात कापसाचे बोळे घालून झोपते. मला वाटायचं, बिचारी, बारा वर्षं झाली तरी हिला भोंग्याची सवय होईना. मी त्या भोंग्याला रोज शिव्या घालायचो.

आई अन् धाकटा भाऊ गजानन गावी, तलमडुगूकडे. कापूस अन् ज्वारी. गजाननाचं लग्न मीच जुळवलं. पोरगी मी पाहिली, सोयरे मी पाहिले, शब्द मी दिला. म्हणजे पुढं काही बिघडलं तर चपला कोणाच्या डोक्यावर? माझ्याच ना!

आता बिघडलं कुठून ते ऐका. लग्नाच्या आठवडाभर आधी आमच्या शेजारचा एक जण आखातातून सुट्टीवर आला. येताना व्हीसीआर आणला अन् एक तुर्की कॅसेट आणली. भुताची! एका बाईच्या अंगात कायतरी शिरतं अन् एक टोपीवाला बुवा ते मंत्र म्हणून काढतो. कोणी घरचाच कॅमेरा हातात धरून पळत पळत काढल्यासारखं चित्र. भाषा एका अक्षरानं कळेना, म्हणून तर जास्त खरं वाटलं. मी ती कॅसेट तीनदा पाहिली अन् लक्षणं पाठ करून ठेवली. एक, मान खाली. दोन, तोंड हलतं पण आवाज गड्याचा. तीन, विचारलं तर उत्तर नाही. झालं, मी त्या विषयातला जाणकार!

मग लग्न आलं, आमच्याच दारात. कोठीघराची राखण माझ्याकडे. गव्हाचे कट्टे म्हणजे पोती, तेलाचे डबे अन् बुंदीच्या लाडवांचं मोठं पातेलं, सगळं त्या एका खोलीत. काऊन, तर कडी लागणारी तेवढी एकच खोली होती. लाडू कमी होत होते बरं का! कोणाला बोललो नाही, पण मनात ठरवलं, चोर रंगेहाथ धरायचा. दोन रात्री डोळ्यात तेल घालून जागलो. तिसऱ्या दिवशी, लग्नाच्या दुपारी, पंगती उठत होत्या तेव्हाही मी तिथंच, कट्ट्यांच्या मागं दबा धरून होतो.

लग्नाची शूटिंग आदिलाबादच्या एका व्हिडिओवाल्यानं केली. सगळे त्याला अन्नाच म्हणायचे. पंधरा दिवसांनी कॅसेट माझ्या हातात देत म्हणाला, "पर्वालेदु, काही चिंता नाही! सगळा फुल्ल क्लियर!"

मी थेट गाव गाठलं. ही सोबत नव्हती. तिच्या बहिणीच्या पोराचा अक्षराभ्यास, म्हणजे पाटीवर पहिलं अक्षर गिरवायचा विधी, होता बासरला, सरस्वतीच्या देवळात, तिकडे गेली होती. मी भाड्यानं टीव्ही-व्हीसीआर आणला, खिडक्यांवर पोती टांगली, अर्धं गाव घरात बसलं. नवी नवरी नंदा मात्र आतल्या खोलीत. मी तिचा भासरा पडलो ना, नवऱ्याचा थोरला भाऊ! आमच्याकडे भासऱ्यासमोर सुनेनं यायचं नाही अन् बोलायचं तर अजिबात नाही.

हळद झाली, अक्षता पडल्या, पंगती बसल्या. लोक आपापली तोंडं टीव्हीत पाहून खूश. तेवढ्यात चित्र हललं. आडवं झालं, पुन्हा सरळ झालं अन् थांबलं. कोठीघर! आत नवरी एकटी बसलेली, केस सुटलेले, मान खाली.

अन् मग तो आवाज आला.

"घर्रर्र… फुस्स… घर्रर्रर्र…"

नवरीचं तोंड हलतंय, जबडा वरखाली होतोय, नजर दाराकडे. अन् आवाज? विहिरीतून रेडा ओढून काढावा तसा. मग घोगऱ्या गळ्यातून शब्द आले, "सोडनार नाई… एकालेबी सोडनार नाई…"

आई ओरडली, "अगं माय! हा माह्या सुनेचा आवाज नोहे!"

"बंद करा!" मी उठलो. "गज्या, हे तेच हाय. तुर्कस्तानवालं!"

"काय तुर्कस्तान, दादा?" गजानन कावराबावरा. "घरात तं चांगली राह्यते. सैपाक करते, हसते."

"थे तुर्कस्तानवाली बी पहिले हसतच होती!"

आता खात्री करायला नको का? मी दाराआड उभा राहिलो अन् आईला म्हणालो, "विचार तिले, तू कोन हाय?"

आई आत वळली. "दत्तू विचारते व, तू कोन हाय?"

उत्तर नाही. पदर नाकापर्यंत ओढलेला, मान खाली.

"विचार, कोठून आलं?"

"दत्तू विचारते, कोठून आलं?"

उत्तर नाही. पण खांदे हलायला लागले. गदागदा! मी फटीतून पाहिलं अन् बोटं मोजली. तिन्ही लक्षणं जुळली हो! खांदे हे चौथं, ते तुर्कस्तानात पण नव्हतं.

त्या रात्री गजानन उशी घेऊन अंगणात आला. म्हणाला, "दादा, थे मले कायतरी सांगाले आली अन् हसतच सुटली. थांबेचना." चांगल्या घरची पोरगी, चांगला भाऊ, अन् दोघांची गाठ मारणारा मी!

सकाळी मीच जाऊन शेजारच्या गावचा भगत आणला. लिंबं, कडुलिंबाचा डहाळा, हळद, सगळं घेऊन आला. पण म्हणाला, पहिले कॅसेट पाहतो. वीज गेलेली, लाईन आली दुपारी. त्यानं जन्मात व्हीसीआर पाहिला नव्हता. आवाज सुरू झाला तसा त्यानं मूठभर हळदीचे तांदूळ टीव्हीवर फेकले. टीव्हीवर काही परिणाम झाला नाही. मग डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"हे गडी मानसाचं हाय," तो म्हणाला. "लय जुनं, लय जड. अन् पोटभर जेवलेलं हाय."

"उपाय?" मी विचारलं.

"पोरीले माहेरी धाडा. वरीसभर इकडे आनू नका. मंग पाहू."

गजानन मटकन खाली बसला. "दादा, तूच जोडलं न हे लगन," एवढंच म्हणाला. आतून हुंदके ऐकू आले. ते मात्र बाईमाणसाचेच होते, एवढं मलाही कळलं. पंधरा दिवसांची नवरी परत पाठवायची म्हणजे काय, हे काय मला माहीत नव्हतं? तिचा बाप विचारेल, गाव विचारेल, अन् त्या पोरीला जन्मभर कोण काय काय म्हणेल! मला वाटलं, जमीन फाटावी अन् आपण व्हीसीआरसकट आत जावं.

भगतानं पुन्हा एकदा कॅसेट लावायला लावली. घर्रर्र… फुस्स…

तेवढ्यात दारात आमची ही. बासरहून आलेली, एका हातात पिशवी, एका हातात प्रसादाची पुडी. नवरीचं चित्र तिनं पाहिलंसुद्धा नाही, नुसतं ऐकलं.

"अगं बाई!" ती म्हणाली. "यायले टीव्हीत कोनं निजवलं?"

आई म्हणाली, "कोनाले व?"

"कोनाले म्हंजे? तुमच्या थोरल्या पोराले! बारा वर्साचा आवाज हाय, मी वळखनार नाई का?"

"खोटं!" मी उसळलो. "मी घोरत नाही! जन्मात घोरलो नाही! अन् घोरलो असतो तर मला ऐकू आलं नसतं का?"

ती माझ्याशी वाद घालायच्या भानगडीत पडलीच नाही. आईला म्हणाली, "यायले जेवू घाला अन् चटईवर टाका. कॅसेटीची गरज नाई."

मी म्हटलं, ठीक आहे! होऊन जाऊ द्या! भाकर-वरण खाल्लं, खरं करायचं म्हणून जरा जास्तच खाल्लं. चटईवर आडवा झालो. समोर अर्धं गाव, उशाशी भगत, भावाचा संसार पणाला लागलेला. मला सांगा, असल्या काळजीत माणसाला झोप येईल? शक्य तरी आहे का? मी नुसते डोळे मिटले अन् लगेच उघडले.

उघडले तर उन्हाची तिरीप या भिंतीवरून त्या भिंतीवर गेलेली. छातीवर दोन लिंबं. कपाळाला हळद. गजानन पोट धरून लोळतोय, आईनं तोंडात पदर कोंबलाय. भगत माझ्यावरून डहाळा फिरवत होता, तो थांबला.

"बाई," तो हिला म्हणाला, "हे निघनारं नोहे. हे घरवालंच हाय. तुमालेच सांभाळा लागते." अन् झोळी उचलून गेला.

मग सगळा उलगडा झाला. अन्ना जेवायला जाताना कॅमेरा गव्हाच्या कट्ट्यावर ठेवून गेला, बंद करायचा विसरला. कट्ट्यामागं मी. दबा धरून धरून आडवा झालेलो अन् झोपेतच लाडूचोराला दम देत होतो. अन् सकाळपासून उपाशी नवरीला बायकांनी जरा टेकायला म्हणून त्याच खोलीत बसवलं. नव्या सुनेनं कोणत्या तोंडानं सांगायचं, की भासरेबुवा मागं निजले होते अन् मी समोर चोरून खात होते?

आतून नंदाचा आवाज आला. सासूला उद्देशून, रीत न मोडता.

"आई, भासऱ्यायले म्हना, लाडू मी दोनच खाल्ले. तिसरा घेनार होती, तं मागून 'सोडनार नाई' म्हने."

मी हात जोडले दाराकडे तोंड करून. तीच माझी माफी होती अन् मी ती सगळ्या गावासमोर मागितली.

परतताना गाडीत मी हिला हळूच विचारलं, "मंग तुझे ते कानातले बोळे? भोंग्यासाठी ना?"

"भोंगा दिवसातून तीनदा वाजते," ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली.

तेव्हापासून गावाकडे कापसाचा पहिला वेचा झाला की बेल्लमपल्लीला एक पुडकं येतं. नंदानं स्वतःच्या हातानं बांधलेलं, वर एक चिठ्ठी. माझ्याशी ती अजून बोलत नाही, रीत आहे. अन् चिठ्ठीतही माझं नाव नसतं. एवढंच लिहिलेलं असतं:

"जाऊबाईंच्या कानासाठी. सरकी काढली आहे."