शेवटचा रकाना

मनोहर गेल्याचं पोस्टकार्ड मला विद्यापीठातल्या विभागात मिळालं. तास घ्यायला निघालो होतो, तो घेतला. असाच आहे मी... आठवड्यानं त्याच्या घरी गेलो, तेव्हा वहिनींनी एक जुनी वही पुढे केली. "म्हणत होते, हे त्यालेच द्या."

पंधराएक वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या पाहणीसाठी आम्ही दोघं कळमेश्वरकडच्या गावांतून सायकलीनं हिंडलो. कोणाला घरात घेतात, कोणाला ओट्यावरच थांबवतात, हा विषय. मनोहर बौद्ध, मी जानव्याच्या घरातला. छापील प्रश्नावलीला सगळीकडे एकच उत्तर मिळे, आमच्याकडे भेदभाव नाही. मनोहर हसायचा. "तोंडानं सारेच चांगले असतात गा. तू प्रश्न विचार, मी पानी मागतो." दारात तो आधी आपली वस्ती सांगायचा, मग पाणी मागायचा. पेल्यात दिलं की वरून ओंजळीत ओतलं, ते या वहीच्या शेवटच्या रकान्यात उतरायचं. दर घरामागे एक ओळ.

एकदा परतताना त्याला प्रताप नगरला आमच्या घरी नेलं. आईनं विचारलं, "कोन्या मोहल्ल्यातला गा तू?" त्यानं सांगितलं. चहा आला. माझा कपबशीत, त्याचा खिडकीतल्या दांडी तुटलेल्या कपात. तो कप कोणासाठी वेगळा ठेवलेला असतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. "घे बाबू, थंडा होऊन राहिला," आई म्हणाली. मायेनंच म्हणाली... मनोहरनं माझ्याकडे पाहिलं. मी प्रश्नावल्यांचे कागद जुळवत बसलो. चहा संपवून तो नळावर गेला, कप विसळला आणि कोणी न सांगता परत खिडकीत ठेवला.

त्यानं हा विषय कधी काढला नाही. मीही नाही. आमच्याकडे येणं तेवढं थांबलं. "काहून येत नाहीस?" हे विचारायची हिंमत मला झाली नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. तो पुढे एका शाळेत मास्तर झाला. मी त्याच पाहणीवर प्रबंध लिहिला, प्राध्यापक झालो, आणि आजही मुलांना हाच विषय शिकवतो.

वहीत आमच्या घराचीही ओळ आहे. माझं नाव, प्रताप नगर, 'चहा दिला.' पुढचा, शेवटचा रकाना कोरा. सगळ्या वहीत तेवढाच एक. मला सांभाळून घेतलं त्यानं, की मी भरावा म्हणून ठेवला? आता कोणाला विचारू...

काल पेन उघडलं आणि तिथं लिहिलं : दांडी तुटलेला कप. मी पाहिलं. बोललो नाही.