भिंतीपासून एक हात

राळेगावच्या एसटी स्टँडवर मी पत्रकं वाटत होते, तेव्हा मामीचा फोन आला. शेतमजूर बायांच्या कामाच्या तासांबद्दलचं पत्रक होतं. घोषणा देऊन घसा बसला होता, म्हणून मी नुसतंच "बोला" म्हटलं. पलीकडून मामी म्हणाली, "तुये मामा गेले वं पोरी... चहा मांगतला, अन् कप हातातच घेतला नाही." हातातला गठ्ठा मी बाकावर ठेवला आणि यवतमाळच्या गाडीत चढले. तिथून दिग्रस. खिडकीशी बसल्यावर मनात जी पहिली गोष्ट आली ती दुःखाची नव्हती. लाज वाटते, पण लिहिते. मनात आलं, आता मामा "छापलं काय?" असं विचारणार नाहीत. दोन वर्षं ते मला फोनवर हेच विचारत होते. त्यांच्या चार ओळी माझ्याकडे अडकल्या होत्या. त्यांनी सांगितलेल्या हकिकतीचं मी पत्रक काढलं आणि त्यातून नेमक्या त्याच चार ओळी कापल्या होत्या.

प्रल्हादमामा फौजेत हवालदार होते. निवृत्त झाल्यावर दिग्रसला एका जिनिंगच्या गेटवर चौकीदार झाले. आपल्याकडे माजी सैनिकाचं हेच होतं. वर्षातून दोन दिवस झेंड्यापाशी शाल-नारळ, उरलेले दिवस गेटवर उभं राहून कापसाच्या गाड्यांना "मागं घे, मागं घे" म्हणायचं. मामा मात्र तक्रार करत नसत. त्यांची एकच सवय आम्हा पोरांना फार विचित्र वाटायची. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आणि आत पाऊल टाकताच भिंतीला हात लावायचा, तोही उलटा, बोटांची पाठ. लहानपणी मला वाटायचं, फौजेत घराला असाच सलाम करत असतील. सुट्टीवर आले की काळी ट्रंक अंगणात ठेवून आधी भिंत, मग आजीच्या पाया. आजी चिडायची. "भित पहिले, माय मंग!"

त्या सलामाचा अर्थ मला अकराव्या वर्षी कळला. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई आणि मी मामांकडे छावणीत गेलो. कुठली छावणी ते लिहीत नाही, मामांची तशी अटच होती. मी तर बंगल्याची स्वप्नं रंगवत गेले होते. शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माझा मामा देश राखतो, त्याला सरकारने केवढं तरी घर दिलं असेल. प्रत्यक्षात एक खोली, एक स्वयंपाकघर आणि कमरेपर्यंत ओल चढलेल्या भिंती. पावसाचा थेंब नाही, बाहेर ऊन भाजून काढतंय, आणि आत भिंत घामेजलेली. वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पाइप भिंतीतून झिरपत होता आणि त्याच भिंतीतून विजेची तार गेलेली. मामी दिव्याचं बटण लाटण्याने दाबायची. पोळ्यांचं लाटणं वेगळं, बटणाचं वेगळं. पलंग भिंतीपासून एक हात अलीकडे ओढलेला. मी झोपेत सरकू नये म्हणून मामी मला मधे घ्यायची. मामांनी मला शिकवलं, "तळहात कधी लावाचा नाही पोरी. करंट असला तं बोटं आवळून घेते, सोडत नाही. उलटा लाव, फेकून देते." अकरा वर्षांच्या पोरीला घरात कसं वावरायचं ते एक सैनिक शिकवत होता, सीमेवर वावरायला शिकवावं तसं.

आम्ही तिथे असतानाच मोठ्या साहेबांची पाहणी ठरली. दोन दिवस आधी हुकूम सुटला आणि सगळा ब्लॉक चुन्याच्या वासाने भरून गेला. मामा त्या ब्लॉकमधले सिनिअर, म्हणून कामावर देखरेख त्यांची. ओलीवर चुना, बुरशीवर चुना. जिथे चुना धरेना तिथे कॅलेंडर. आमच्या भिंतीवर कॅलेंडर लावलं तेव्हा खिळा मीच धरला होता, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. शेजारच्या क्वार्टरमध्ये कमला राहायची, एका शिपायाची बायको, डोंगराकडची, विशीतली. नवरा सीमेवर. तिच्या स्वयंपाकघराच्या छताचं प्लॅस्टर पोळीसारखं फुगलं होतं. तक्रारवहीत मामांनी ते तीनदा लिहिलं होतं. उत्तर आलं नव्हतं. त्या फुगलेल्या छतालाही चुना लागला.

साहेब आले. बुटांचा आवाज, मागे चारपाच माणसं, व्हरांड्यात बाया डोक्यावर पदर घेऊन रांगेत. साहेबांनी विचारलं, "कोई तकलीफ?" कमला एक पाऊल पुढे आली. "साब, वो छत..." एवढंच बोलली. मामा मधे पडले, टाचा जुळवून, खणखणीत आवाजात. "सब ठीक है, साब!" साहेब पुढच्या दारी गेले. मला आठवतं, मी आईच्या कानात म्हटलं होतं, पाहा, मामाचा आवाज कसा आहे.

आम्ही गावी परतलो. पंधरा दिवसांनी कमला पोळ्या लाटत असताना ते प्लॅस्टर कोसळलं.

हे मला मामांनी सांगितलं ते फार नंतर, दोन वर्षांपूर्वी, जिनिंगच्या गेटवर. सैनिकांच्या घरांवर पत्रक काढायचं आमच्या संघटनेने ठरवलं होतं आणि मी मोबाईलवर त्यांचं बोलणं टिपून घेत होते. कापसाची गाडी आली की ते उठायचे, नोंद करून परत येऊन बसायचे. आत कापूस पारखणारा ग्रेडर ढिगात कोपरापर्यंत हात घालून ओल पाहत होता. मामा तिकडे बघत म्हणाले, "पाह्य. कापूस ओला असला तं गाडी वापस करतेत. आमाले त्या खोल्याईतून कोनी वापस नाही बलावलं." मी खूष झाले. पत्रकाचं शीर्षक मिळालं! मग त्यांनी कमलाचं सांगितलं. तिच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा मिटली नाहीत. तिचा नवरा आला, मामांच्या पाया पडला, कारण दवाखान्यात मामांनीच नेलं होतं. "माया पाया पडला तो. अन् म्या पडू देल्लं." मी विचारलं, "पण काहून गप्प बसवलं तिले?" मामांनी सरळ सांगितलं. त्यांच्या बढतीचा कागद त्याच साहेबांच्या टेबलावर होता. नायब सुभेदार व्हायचं होतं. "अन् झालोच नाही," म्हणाले आणि हसले. तसलं हसू मला परत बघायचं नाही. मग म्हणाले, "लिहाचं असन तं हेबी लिही. नाही तं काही लिहू नोको."

मी हो म्हटलं.

संघटनेच्या बैठकीत मी मजकूर वाचला. सगळे म्हणाले, त्या ओळी नकोत. पत्रकात दोषी एकच असावा, दोन झाले की वाचणारा पहिल्याला सोडून देतो. मलाही तेच पटलं. खोटं कशाला बोलू, तो युक्तिवाद माझाच होता. फौजेतल्या शिपायाला कोंदट खोलीत ठेवणारी व्यवस्था, तीन तक्रारी गिळणारी वही, चुन्याखाली लपवलेली बुरशी... हे सगळं खरं होतं, आजही खरं आहे, आणि त्यातल्या एका शब्दाचाही मला पश्चात्ताप नाही. पण मामांना मी अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला माणूस करून टाकलं. साहेबांपुढे उभे राहिलेले मामा! पत्रक गाजलं. पुसदपासून उमरखेडपर्यंत लोकांनी मोबाईलवर फिरवलं.

मी पत्रक घेऊन दिग्रसला गेले. मामांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, "मानूस चांगला हाय हा. कोन हाय?" मी म्हटलं, "मामा, चेष्टा नका करू." ते म्हणाले, "चेष्टा तं तू केली बाई." त्या ओळी पुढच्या छपाईत घालते, असं मी सांगितलं. त्यांनी पन्नास प्रती ठेवून घेतल्या. मला वाटलं, राग गेला. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी फोन. "छापलं काय?" कधी मोर्चा होता, कधी शिबिर, कधी नुसतंच "आत्ता करते". शेवटच्या फोनवर त्यांनी विचारलंसुद्धा नाही. "कशी हाय?" म्हणाले आणि वाट पाहत राहिले.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मला लिहायचं होतं की ओलीने मारलं. त्यांना जुना खोकला होता, ते वाक्य बसलंही असतं. पण एकदा असं बसवून झालंय माझं.

तेरवीला एका पुढाऱ्याने माईक हातात घेतला आणि माझं पत्रक वाचलं. "अशा घरात राहूनही ज्यांनी अधिकाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून..." टाळ्या पडल्या. तेरवीला टाळ्या! मी मागच्या रांगेत होते. मामीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिथेच उठून "हे खोटं आहे" म्हणायला हवं होतं. पोलिसांच्या लाठीपुढे मी उठून बोलले आहे. तिथे मात्र माझी जीभ उचलली नाही. टाचा तेवढ्या जुळवायच्या राहिल्या होत्या.

लोक गेल्यावर मी खोली आवरायला घेतली. मामांचा पलंग अजून भिंतीपासून एक हात अलीकडेच होता. हे घर त्यांनी स्वतः बांधलं, भिंती कोरड्या ठणठणीत, तरी पलंग तिथेच. झाडायला सोपं जावं म्हणून मी तो भिंतीला सरकवला. मामी आत आली, पलंग परत ओढला, मला त्यावर बसवलं, आणि गादीखालून एक गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

त्या पन्नास प्रतींपैकी उरलेल्या होत्या. वरच्या काही प्रतींवर, माझ्या मजकुराच्या खाली, मामांनी बॉलपेनने लिहिलं होतं, फौजेतल्या वहीसारख्या ठाशीव अक्षरात. मामी म्हणाली, "महिन्याले एक-दोन लिहत. जिनिंगमधल्या मानसाईले देत. कोनी इचारलं का हे काय, तं सांगत, भाची इसरली."

भाची विसरली नव्हती. हे ठाऊक असूनही मामा तसं सांगत राहिले... त्या ओळी इथे देते, जशा आहेत तशा: "ती बोलायला पुढे आली होती. मी तिला बोलू दिले नाही. छत पडले आणि तिचा हात गेला. मी गप्प होतो, हेही वाचा."

खालच्या प्रती कोऱ्या होत्या. मी त्यांच्याच पेनाने पुढची प्रत लिहायला घेतली. ओळ सारखी दिसावी म्हणून त्यांचं अक्षर गिरवत होते. मामीने वाकून कागद पाहिला.

"त्याईचं अक्षर कायले काढून राह्यली वं?" ती म्हणाली. "त्याईनं त्याईचं लिहलं. तू तुयं लिही."

मी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. बसले होते त्याच पलंगावर, भिंतीपासून एक हात दूर. पहिली ओळ माझ्या अक्षरात लिहिली: कॅलेंडरचा खिळा मी धरला होता.