माहेरच्या मोटेचं चामडं

आमच्या दादांची मोटार दिसायच्या आधी तिचा आवाज यायचा, आणि मोटार निघून गेली तरी तो गल्लीत मागे रेंगाळायचा. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. नंदुरबारहून तळोदा, अक्कलकुवा अशा उतारूंच्या खेपा ते मारत. एका जिनिंगवाल्या शेठकडून त्यांनी ही गाडी घेतली होती, शेठ तिला पुरता कंटाळल्यावर. इंग्रजांच्या वेळची ती गाडी स्वराज्यात चांगलीच म्हातारी झाली होती. हँडल मारल्याशिवाय उठायची नाही, आणि उठली की ठकठक सुरू. माणसांबरोबर मिरचीची पोतीही यायची, त्यामुळे मागच्या सीटमध्ये खकाणा कायमचा मुरलेला. उतारू शिंकायचे आणि त्यांची शिंक शेजारच्याला ऐकू जायची नाही.

“तुमनी गाडीमा बसनं म्हंजे लोहारना घनजवळ बसनं,” माय म्हणायची.

दादा हसून सोडून द्यायचे. गाडीला कुणी काही बोललं तर एरवी ते ऐकून घेत नसत, पण मायला सगळी मुभा होती.

मग मायचं हृदय बिघडलं. मी तेव्हा सासरी होते, तिची सेवा करायला आले आणि राहिले. डॉक्टरांनी सांगितलं, धक्के नकोत, गोंगाट नको. गोंगाट म्हटल्यावर दादांनी अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं ते मला अजून दिसतं. गाडी सुरू झाली की मायच्या छातीत खरोखरच धडधड व्हायची, ती भिंत धरून खाली बसायची. दादा मग गाडी ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचे आणि तिथे हँडल मारायचे.

मायला एकच गोष्ट हवी होती. आखाजीला माहेरी जायचं. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, ही सासुरवाशिणीची दिवाळी. लेक कितीही म्हातारी झाली तरी त्या दिवशी माहेरच्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर एकदा बसायलाच हवं. तिचं माहेर तापीच्या अलीकडच्या काठावर, केळीच्या बागांमधलं गाव. आजारपणामुळे तिची मागची आखाजी चुकली होती. यंदाची साधली नाही तर पुढची मिळणार नाही हे तिला माहीत होतं, आम्हालाही होतं. कुणी तसं बोलत नव्हतं इतकंच.

बैलगाडीचे धक्के तिला सोसणार नव्हते. दुसऱ्या कुणाची चांगली मोटार मागावी असं मी सुचवलं. दादा माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत. हट्टी माणूस. संध्याकाळी मायच्या खाटेजवळ येऊन म्हणाले, “मन्ही गाडीमाच ली जासू तुले. तुले झोप लागी जाई इतली शांत करसू तिले.”

त्या दिवसापासून ते गाडीच्या मागे लागले. सायलेन्सरची भोकं पत्रा लावून बुजवली. बॉनेटच्या आतून गोणपाट शिवलं. पातळ ऑइल काढून घट्ट भरलं, पण ऊन तापलं की तेही पातळ व्हायचं आणि ठकठक पुन्हा वर यायची. मग त्यांनी कानाला लाकडी दांडा लावला, त्याचं दुसरं टोक इंजिनावर ठिकठिकाणी टेकवलं आणि आवाजाचं मूळ शोधलं. पिस्टनच्या दांड्याची खालची बेअरिंग झिजली होती. दांडा तिच्यात खुळखुळत होता. तशा गाडीची बेअरिंग कुठेच मिळेना. मिस्त्री म्हणाला, गाडी भंगारात घाला. त्या मिस्त्रीचं तोंडही दादांनी पुन्हा पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात मामा मायला आखाजीचं आवतन द्यायला आले. बोलता बोलता सांगत होते, विहिरीवर पंपाचं इंजिन बसवलं, पाणी उपसायची चामड्याची मोट आता गोठ्यात पडून आहे. दादांनी मान वर केली. पाण्यात वर्षानुवर्षं भिजून, घासून मऊ झालेलं ते जाड चामडं. मामांनी मोट पाठवून दिली. दादांनी तिची पट्टी कापली, एरंडेलात मुरवली आणि झिजलेल्या बेअरिंगच्या जागी नेमकी बसवली. “हळूहळू चालाडी तं जाई-येई इतलं टिकी,” ते मला म्हणाले. त्यापुढचं त्यांना काही नकोच होतं.

दादांनी हँडल मारलं तेव्हा माय दारात खुर्चीवर बसली होती. गाडी नुसती गुरगुरली. माय वाट पाहत राहिली.

“बंद पडनी का?” तिनं विचारलं.

“चालू शे,” दादा म्हणाले. आणि माझे ताठ, रागीट दादा मडगार्डवर हात ठेवून लहान मुलासारखे रडले. माय हसत होती. इतकं हसू नको म्हणून मी तिला दटावलं.

आखाजीला आम्ही पहाटेच्या गारव्यात निघालो. मागे माय, माझ्या खांद्यावर डोकं टेकून. गाडी बैलाच्या चालीनं चालली होती. त्या गाडीत आयुष्यात पहिल्यांदा बोलता येत होतं, त्यामुळे माय बोलतच सुटली. होले घुमतात ते तिला ऐकू आलं. कुणाच्या तरी मळ्यात पंप चालला होता तो ऐकू आला. मग ती एकदम गप्प झाली, कान देऊन ऐकू लागली आणि म्हणाली, “तुम्ही गानं म्हंतस?”

दादा गाडी चालवताना गुणगुणत होते. बहुधा ते नेहमीच गुणगुणत असावेत. इतकी वर्षं त्या ठकठकीखाली ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं, कदाचित त्यांनाही नाही. ते चांगलेच लाजले.

“म्हना ना,” माय म्हणाली. “थांबू नका.”

झोक्यावर बायका म्हणतात तीच ती चाल होती. दादा गुणगुणत राहिले. मायनं डोळे मिटले. तिच्या श्वासात बारीक सूं असा आवाज यायचा, तो आता गाडीत स्वच्छ ऐकू येत होता. गुणगुणणं आणि तो श्वास, दुसरं काही नाही. मला वाटलं होतं, आपण सुखी आहोत. खरंच वाटलं होतं.

केळीच्या बागा सुरू झाल्या आणि दादांचं गुणगुणणं थांबलं. मला आधी कळलं नाही की ते का थांबले. मग कळलं. श्वास ऐकू येत नव्हता.

“दादा,” मी म्हणाले.

“माहीत शे, बेटा,” ते म्हणाले. “मले ऐकू उनं.”

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, गाडी थांबवली नाही, वेग वाढवला नाही. फक्त म्हणाले, “तिले घर पोचाडनं शे.” मी मायला धरून बसले. तिचं डोकं खांद्यावर अजून तसंच होतं, उबदार.

एरवी आमची गाडी वेशीबाहेर असतानाच गावातली पोरं धावत यायची. त्या दिवशी कुणीच आलं नाही, कारण कुणाला काही ऐकूच गेलं नाही. निंबाखाली पोरी झोक्यावर होत्या, त्यांची गाणी चालू राहिली. गाडी अगदी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. मामी घरातून पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली, लेकीवरून ओवाळून टाकायला. ती हसत होती. तो तुकडा हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. दादांनी खाली उतरून मागचं दार उघडलं.

सवाष्ण गेली की तिला माहेरची साडी नेसवतात. मामांनी आखाजीची साडी आणूनच ठेवली होती. तीच नेसवली.

नंदुरबारला परतल्यावर दादांनी स्वतःच्या हातानं ते चामडं काढलं आणि जुनी झिजलेली बेअरिंग पुन्हा बसवली. चामडं अजून शाबूत होतं. गाडी पुन्हा ठोके घालायला लागली, पहिल्यापेक्षा जास्तच. उतारू कुरकुरायचे, नव्या गाड्यांकडे वळायचे. दुरुस्तीसाठी दादांनी तिला हातही लावला नाही.

पुढच्या आखाजीला ते मला सासरहून न्यायला आले. रस्ताभर घणाचे घाव. मला त्यांच्याशी बोलायचं होतं, मायबद्दल बोलायचं होतं. दुसरं होतंच कोण माझं, ज्याच्याशी मायबद्दल बोलावं. मी त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाले, दादा, करा ना हिचं काहीतरी, तुम्हाला तर येतं.

त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, म्हणजे मला नीट ऐकू यावं.

“ऱ्हाऊ दे, बेटा,” ते म्हणाले. “आवाजमा दुसरं काही ऐकाले येत नही.”

खाली उतरून त्यांनी हँडल मारलं आणि आम्ही पुढे निघालो. थोड्या वेळानं मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. ते गुणगुणत होते की तिच्याशी बोलत होते, मला ऐकू आलं नाही.